तात्यांची बिनदाराची न्हाणी

रंभाजीतात्या आंघोळीला बसले की सगळ्या आळीला कळतं. "पानी घेतलं. आता साबन. आता डावा पाय." दहा मिनिटं हे चालतं. नवा माणूस दचकतो. त्याला वाटतं, म्हातारा आत कुणाला तरी आंघोळ शिकवतोय.

कारण साधं आहे. आम्ही शनिशिंगणापूरचे. इथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लोक गाड्या करून बघायला येतात. पण मग न्हाणीचं काय, हे कुणी विचारत नाही. न्हाणीला पडदा असतो. पडद्याला कडी लावता येत नाही, म्हणून ज्याने त्याने आपापली कडी शोधून ठेवलेली आहे. कुणी खाकरतं, कुणी बादलीवर तांब्या वाजवतं. तात्या बोलतात. अलीकडे काही घरांना दारं आली आहेत. तात्यांपुढे तो विषय काढायचा नाही.

मी त्यांची शेजारीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि कुठलंही काम यादी केल्याशिवाय सुरू करत नाही. तात्यांना याद्यांचा राग. "कागदावर काम व्हत न्हाई, मास्तरीणबाई." त्यांचं स्वतःचं एकच सूत्र: "मोडायचं न्हाई, वळवायचं." वाफ्यातलं पाणी असो, मारका बैल असो, नाहीतर रुसलेला भाऊबंद; तिघांनाही हाच उपाय.

तात्यांची बायको, मथुराकाकू, जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा संदीप चाकणला कंपनीत. सून पूजा पिंपरीत वाढलेली, मोकळ्या स्वभावाची, सासऱ्याची बिनधास्त चेष्टा करणारी. ती येणार असली की तात्या सकाळीच दाढी करून ओट्यावर बसत. पण ती एकच रात्र राहायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत जायची. मग तात्या दिवसभर तेच म्हणत. "शहरातली पोर. तिला आमचं जेवान गोड लागत न्हाई."

जेवणाचा काही संबंध नव्हता. पूजाने मला सांगितलं होतं. पहाटे चारला, गाव उठायच्या आत, पडद्याकडे डोळे लावून अर्धी बादली अंगावर घ्यायची आणि बाहेर पडायचं. असे आठ दिवस कोण काढणार?

मी गोष्टी पोटात ठेवत नाही. तात्यांना सरळ सांगितलं, "पोरगी जेवणाला कंटाळत नाही, न्हाणीला घाबरते. मे महिन्यात आठ दिवस ठेवून घ्यायची असेल तर दार लावा."

मला वाटलं, चिडतील. दोन दिवस त्यांच्या आंघोळीतून एक शब्द ऐकू आला नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर तात्या तारेच्या ब्रशने न्हाणीच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडत होते.

"दार न्हाई लावायचं," ते म्हणाले. "पर आत कोन हाय ते देवाला बी दिसू नये, असं करायचं."

न्हाणी केवढी? चार बाय पाच. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, नळ नाही, पाणी हौदातून न्यायचं. गवंडी नको, नवं सामान नको, सगळं घरच्या घरी. मी लगेच यादी करून दिली: विटा, वळणाची रुंदी, उजेड. तात्यांनी तिची घडी करून डुगडुगणाऱ्या पाटाच्या पायाखाली घातली.

पडलेल्या गोठ्याच्या विटा काढून त्यांनी न्हाणीच्या तोंडापुढे आडभिंत बांधली. आत जायचं तर आधी डावीकडे वळायचं, मग उजवीकडे. बाहेरून काही म्हणता काही दिसायचं नाही. बांधून होताच मला बोलावलं. "जाऊन बघा."

पहिलं वळण मी घेतलं. दुसऱ्यात अडकले.

"माप कुणाचं घेतलंत?"

"माझं."

तात्या म्हणजे उसाचं टिपरू. मी तशी नाही.

"जरा तिरक्या व्हा की."

"तात्या, पूजा तिरकी होऊन भरली बादली नेणार का?"

ते एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिले. दोघींपैकी कोण मागे सरकेल याचा अंदाज घेत. शेवटी भिंत सरकली. बांधकाम ओलं होतं तोवरच विटा उतरवून त्यांनी हातभर पुढे नवी भिंत घेतली, या वेळी दोन हातांत दोन बादल्या धरून माप काढलं.

पण वळणामुळे आत मिट्ट काळोख झाला. मी म्हटलं, बल्ब लावा.

"बल्ब न्हाई. खरा उजेड पायजे. आंघूळ उजेडातच करायची असती!"

हे ते इतक्या जोरात म्हणाले की मी बल्बचा विषय सोडून दिला.

छपराचा एक पत्रा काढून त्यांनी तिथे गोठ्यावरचा जुना पारदर्शक पत्रा टाकला. न्हाणी लख्ख उजळली. मी आमच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले आणि खाली तात्यांचं टक्कल चमकताना दिसलं.

"तात्या! तुम्ही दिसताय!"

पत्रा उतरला. तात्या पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले. घासायचा, वर बसवायचा, आत जाऊन हात उंच करायचा, आणि मी गच्चीवर परीक्षक.

"किती बोटं?"

"तीन!"

पुन्हा उतरवून घासणं.

"आता?"

"दोन! आणि अंगठीसुद्धा दिसतेय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मला नुसता दुधी पांढरेपणा दिसला.

"काहीच दिसत नाही, तात्या."

"दमून तर सांगत न्हाई ना? तुमच्या मालकास्नी बोलवा. त्येंची नजर चांगली हाय."

मालक चहा टाकून वर आले. त्यांनाही काही दिसलं नाही. तेव्हा कुठे तात्यांनी भिंतींना घरात उरलेलं पांढरं सिमेंट मारलं, मोडक्या कपाटाचा आरसा लावला आणि उरलेल्या प्लॅस्टिक पाइपची टॉवेल टाकायला दांडी केली.

मे महिन्यात पूजा आली. दुसऱ्या दिवशी मी कुरडयांचा डबा घेऊन गेले तेव्हा दहा वाजून गेले होते. तात्या न्हाणीकडे पाठ करून अंगणात खाटेवर बसले होते.

"पूजा गेली की काय?"

"आंघुळीला गेलीय."

"आत्ता? दहा वाजता? जिंकलात की, तात्या!"

ते हसले नाहीत.

"मास्तरीणबाई, मथुरा जल्मभर पहाटं चारला आंघूळ करायची. थंडी असू द्या, आजारी असू द्या. मी पावन्यास्नी कौतुकानं सांगायचो, आमच्या घरातलं मानूस लई लवकर उठतं." त्यांनी खाटेची सैल दोरी ताणली. "मला वाटायचं, तिला आवडतं."

कुरडयांचा डबा मी खाटेच्या कडेला ठेवला.

आतून पूजाची हाक आली. "तात्या, अजून एक बादली मिळेल का?"

तात्या उठले. हौदातून बादली काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी उचलून वळणाच्या तोंडाशी ठेवली आणि मान फिरवून म्हणाले, "सावकाश घे, पोरी. काय घाई न्हाई."