तळ सिद्ध झाल्याशिवाय रजा नाही

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामगारांच्या मनाचा आलेख काढण्याची पद्धत सुरू झाली. हजेरी लावताना पडद्यावर दहापैकी गुण द्यायचे, की यंत्र रेघ ओढायचं. रेघ चढत नाही आणि उतरतही नाही, तिथं स्थिर बिंदू. तो शिखर निघाला तर सत्कार, तळ निघाला तर दुःखरजा. धोरण माणुसकीचं होतं, म्हणूनच इतकं काटेकोर होतं.

भीमाप्पाची बायको गंगव्वा वारली. रक्षाविसर्जन उरकून तो कामावर आला. नेसरीला अंथरुणाला खिळलेल्या सासूला घरच्यांनी काही कळू दिलं नव्हतं. जावयानंच येऊन सांगायचं ठरलं होतं. त्यासाठी त्याला रजा हवी होती.

"मामा, तुमची रेघ सपाट आहे," मनुष्यबळ विभागाच्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "पण सपाट म्हणजे तळच असं नाही. पुढं ती आणखी खाली गेली, तर हा नुसता उतारावरचा थांबा. थांब्याला रजा नसते."

"मग तळ ठरायचा कसा?"

"आधी उतार, नंतर चढ. उतार दिसतोय. आता तुम्ही चढून दाखवा."

"म्हंजे दुःख हाय हे पटवाय मी खूश व्हायचं?"

"थोडंसंच. फार चढलात तर शंका येते."

सुपरवायझर पिराजीनं त्याला बाजूला घेतलं. "आरं, सहा दाब की! यंत्राला काय कळतंय?"

यंत्राला कळत होतं. हसरा चेहरा दिसल्याशिवाय ते पाचाच्या वरचे गुण घेत नव्हतं. भीमाप्पा अख्ख्या पाळीसमोर हसला. यंत्राला पटेपर्यंत हसला.

"अभिनंदन, मामा. तळ सिद्ध झाला. मंगळवारी होता. मंगळवारची रजा मंजूर."

"मंगळवार गेला की, मॅडम!"

"हो ना. आणि रजेच्या दिवशी तुम्ही विनापरवाना कामावर होता. खुलासा द्यावा लागेल."

संध्याकाळी नेसरीहून मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, आईला कळलं. कुणीतरी सांगून गेलं."

"काय म्हणाली?"

"रडली न्हाय. एकच इचारलं. जावई कारखान्यात हसत हुता, ते खरं हाय का?"

बातमी कुणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. नेणाऱ्याला तरी काय बोल लावायचा? बायको जाऊन पंधरवडा झाला नाही आणि माणूस चारचौघांत दात काढतोय, हे तुम्ही तरी पोटात ठेवलं असतं का?