इब्राहिमभाईंची बसकी गाडी

महाड-पोलादपूर रस्त्यावर गतिरोधक आला की इब्राहिमभाई पिकअप थांबवतात आणि शेजारच्याला अदबीनं सांगतात, "सर, जरा उतरा. गाडी आपटंल." आपण उतरायचं, गतिरोधक चालत ओलांडायचा, पलीकडे पुन्हा बसायचं. माझ्या वजनामुळे हा मान मला हमखास मिळतो. पोलादपूरच्या शाळेत मी मास्तर. निम्मी नोकरी मी अशी पायी केली आहे.

भाई माझे शेजारी. चौदा वर्षं मस्कतला ट्रेलर चालवून परतले आणि एक जुनं पिकअप घेतलं. आता, महाडात पिकअप घेतलेला शहाणा माणूस आधी गॅरेज गाठतो आणि चाकांवरच्या स्प्रिंगांत दोन पोलादी पाटे वाढवून घेतो. गाडी उंच होते, दुप्पट माल बसतो. हे गृहस्थ गेले आणि होते त्यातलेच पाटे काढून आले! पुढचेही, मागचेही. गाडी इतकी खाली बसली की आळीतल्या कोंबड्या तिच्याखालून जायच्या बंद झाल्या.

"भाई, डोकं ठिकाणावर हाय ना?" गॅरेजच्या मिस्त्रीनं विचारलं.

"ह्याला हँडलिंग म्हनतात. मस्कतला बघ, गाडी कशी रस्त्याला चिकटून चालते."

"तिथं रस्ता असतो, भाई," मी म्हटलं. "इथं नुसती रस्त्याची जागा आहे."

भाईंना राग म्हणून येत नाही. उलट मला कशेडी घाटात नेलं, हातात चहाचा काठोकाठ भरलेला पेला दिला आणि म्हणाले, "आता बघा, सांडतो काय." वळणावर थेंब सांडला नाही, खोटं कशाला बोलू? वळण संपल्यावर खड्डा आला आणि सगळा चहा माझ्या पांढऱ्या शर्टावर.

"तो खड्डा, सर. त्यात हँडलिंगचा काय संबंध?"

पुढे पाचाडची भाताची पोती आणायचं काम चालून आलं. गिरणीवाल्याची अट एकच: पाटे परत घाला, रोजची फेरी तुमची. घरबसल्या लक्ष्मी! भाई म्हणाले, "नाय जमायचं. हँडलिंग जाईल." काम दुसऱ्याला गेलं आणि भाई कुरमुऱ्यांची पोती वाहू लागले. त्याहून हलका माल महाडात मिळत नाही.

माझं डोकंच फिरलं. रविवारी सकाळी त्यांची खरडपट्टी काढायला गेलो, तर भाई गाडी पुसत होते. "पोलादपूरला निघालोय, हिच्या बहिणीकडं. मागं बसा, काय ते तिथं बोला."

तेवढ्यात भाभी बाहेर आल्या. भाई मस्कतला असताना त्या विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या. तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. एसटीची पायरी चढवत नाही आणि कुणी उचलून बसवलेलं मुळीच खपत नाही. बहिणीचं घर त्यांनी कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं.

भाभींनी दाराला धरलं, पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या आणि पाय आत ओढून घेतला. कुणाचा हात लागला नाही. तेवढा वेळ भाई मुद्दाम तिकडे पाठ करून मागच्या टायरवर लाथा मारत हवा बघत होते. दार लागलं तेव्हाच वळले.

आणलेलं भाषण मी तिथंच सोडून दिलं.

भाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "गिरणीचं तिला बोलू नका, सर. कळलं तर परत बसायची नाय."

मी मागे कुरमुऱ्यांच्या पोत्यांवर चढलो. पहिला गतिरोधक आला. आज 'उतरा' म्हणायची सोय नव्हती. भाई आरशातून नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी आपणहून उतरलो.

"सर, उतरलात का वो? गाडीला काय झालं?" भाभींनी खिडकीतून विचारलं.

"छे हो, पाय आखडले. मोकळे करतो जरा."

"गाडी चांगली हाय ना? हे म्हनतात, हँडलिंग लय भारी."

"अहो, अशी गाडी अख्ख्या तालुक्यात नाही."

गाडी तिरकी होऊन इंचाइंचानं गतिरोधकावर चढली. तिचं पोट घासायला लागलं तसा मी मोठ्यानं खोकलो.

पोलादपूर येईपर्यंत माझा घसा पार बसला.