पांडूदादांनी लावलेली घोडी

आमचे पांडूदादा यंत्रांना 'अहो' म्हणायचे आणि माणसांना 'ए'. कारखान्याचा मालक समोर आला तर "ए शेठ, बाजूला हो." आणि बंद पडलेल्या कापडाच्या लूमपुढं वाकून, "काय व्हतंय आपल्याला? जरा बघू का?" दादा जॉबर, म्हणजे लूमचे वैद्य. आमच्या निजामपुऱ्यात त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता, म्हणून मालकही मुकाट बाजूला व्हायचा.

दादा मूळचे दिघाशीचे, आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. म्हातारा आखडू आहे, असं आमचं सगळ्यांचं मत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची संधी मिळाली होती. चोरबाजारातून जुनी विलायती इलेक्ट्रिक गिटार आणली खरी, पण तारा जिच्यावर टेकतात ती घोडी गंजून पार खलास. एक तार बेसूर, दुसरी खडखडे. ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी बजावलं, "संडे तक ठीक कर, नहीं तो घर बैठ." आणि घरी बसणं म्हणजे वडिलांनी ठरवून ठेवलेली लूमवरची शिफ्ट!

रडकुंडीला येऊन मी गिटार दादांपुढं ठेवली. त्यांनी हात पुसून तिला नमस्कार केला. "लई हाल केले जी तुमचे." मग माझ्याकडं वळून, "ए गाढवा, रॉकेल आण."

दोन दिवस घोडी रॉकेलात भिजली, तेव्हा कुठं स्क्रू सुटले. सहा तारांच्या सहा बारक्या टेकण्या, त्यातली एक मोडकी. दादांनी लूममध्ये आडवा धागा नेणाऱ्या एका जुन्या धोट्याचं लोखंडी टोक कापलं आणि कानशीनं घासून हुबेहूब टेकणी बनवली. मी धन्य झालो, तोवर त्यांनी बुधली उचलून सगळ्या तारांवर लूमचं तेल सोडलं!

"अहो दादा, हे काय?"

"तेलाबिगर मशीन बोलत न्हाय."

तारा पुसता पुसता माझे दोन बनियन कामी आले.

मग सूर लावणं. दादांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक घोडीला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. "दोन तारा एकदम छेड." छेडल्या. "थरथरतंय." टेकणी केसभर मागं. "परत." अख्खी दुपार हेच. दारात शेजारी जमून फिदीफिदी हसत होते. शेवटी दादा म्हणाले, "थरथर गेली. बसले." आणि खरोखरच, गिटार सुरात!

रविवारी काल्हेरच्या एका लग्नाच्या हळदीत मी झकास वाजवलं. मास्तरांनी पाठ थोपटली. दादांनाही मी सोबत नेलं होतं; ते मात्र खुर्ची सोडून स्टेजच्या फळीवर तळवा टेकून उभे होते.

उतरलो, पाया पडलो. "दादा, कसं वाजलं?"

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला आयकू कुठं येतंय रं? लूममधी कान कवाच गेले. कुनाला बोलू नको, जॉबरचं काम जाईल."

एवढी वर्षं आम्ही त्यांना आखडू म्हणत आलो होतो.

"पन फळीतनं तुझं येत व्हतं," ते म्हणाले. "तेवढं वळखू आलं."

त्या गिटारवर मी पुढं संसार केला. दादांचे उपकार फिटायचे नाहीत. पण ते होते तोवर रोज संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जायचो, गिटारची कड त्यांच्या छातीला टेकवायचो आणि वाजवायचो. दादा डोळे मिटून बसायचे. मी थांबलो, की म्हणायचे, "जाऊ नको रं. आजून जरा बोल."