रेकॉर्डसाठी जनरेटर

रविवारी सकाळी नऊला शालिग्रामचा रेकॉर्ड तोडायचा आणि अकराला खुद्द शालिग्रामला तो पडद्यावर दाखवायचा! निवृत्ती टेलरनं हा बेत गुरुवारीच जाहीर करून टाकला. तोही अशा थाटात, की रेकॉर्ड म्हणजे शिवून ठेवलेला पायजमा, फक्त नाडी ओवायची राहिली आहे.

"पन्नाशी आली," त्याची बायको सुभद्राबाई म्हणाली. "लोकं नातवंडं खेळवतात, अन् तुम्ही विमान खेळवून राह्यले!"

"अवं, खेळ नाही तो. इज्जतीचा सवाल आहे!"

मलकापूरच्या स्टेशन रोडवर इंद्रभानचं पत्र्याचं शेड होतं. चौऱ्याऐंशी साली त्यानं मुंबईहून दोन जुन्या गेमच्या मशिनी आणल्या. एकीत मोटार पळायची, ती आता बंद पडून कोपऱ्यात उभी होती. दुसरीत विमान उडायचं, आणि गेली सहा वर्षं निवृत्ती ते उडवत होता. रेल्वेच्या मालगोदामातला कारकून शालिग्राम त्याच्या शेजारी उभा राहायचा. एक खेळायचा आणि दुसरा ओरडायचा, "डावीकडे बे! डावीकडे!" घरी कुणी कुणाला इतक्या मायेनं ओरडलेलं निवृत्तीनं ऐकलं नव्हतं. तिथं टेलर, कारकून, मेकॅनिक, भाजीवाला अशी कितीतरी माणसं त्याला भेटली. कोण कुणाचा कोण, हे कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एकच, "किती झाले?"

मशिनीत एकच खोट होती. लाईट गेली की सगळे आकडे साफ! आणि मलकापुरात लाईट जायची म्हणजे काय, पाहुणी असल्यासारखी यायची आणि घरच्यासारखी जायची. म्हणून मोठे आकडे कोळशानं भिंतीवर लिहीत. त्यासाठी शालिग्रामनं नियम केला होता : ज्याचा रेकॉर्ड तुटला त्यानं पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, आणि आपला आकडा स्वतःच्या हातानं पुसायचा. नियम करून झाल्यावर भिंतीवर 'शालिग्राम – ९८,४४०' असं लिहिलं आणि चार वर्षांपूर्वी बदली होऊन तो अकोल्याला निघून गेला.

त्यानंतर निवृत्तीनं तो आकडा दोनदा ओलांडला. दोन्ही वेळा शालिग्राम यायच्या आत लाईट गेली. अकोल्याहून उत्तर आलं, "न पाहिलेलं मी मानत नाही." आता मात्र पत्र आलं होतं, "रविवारी अकराच्या पॅसेंजरनं येतो. नंबर तयार ठेव." अक्षर त्याच्या बायकोचं, अन्नपूर्णाबाईंचं होतं. नोकरदार माणूस, दुसरं काय, असं म्हणून निवृत्तीनं पत्र खिशात घातलं आणि तडक माणिकराव मांडववाल्याचं दुकान गाठलं.

"रविवारी सकाळी इंद्रभानच्या शेडवर जनरेटर पाहिजे. लाईटचा भरोसा नाही."

"काऊन? काय कार्यक्रम आहे?"

"जन्माचं काम आहे, माणिकराव! पाहुणे अकराच्या गाडीनं येऊन राह्यले."

माणिकरावाचं जनरेटर आजवर दोनच कामांना गेलं होतं, गणपतीला आणि लग्नाला. गणपती तर होऊन गेले होते. आणि इंद्रभान चाळिशीचा, बिनलग्नाचा! माणिकरावाला गहिवरून आलं.

रविवारी सकाळी निवृत्ती शेडवर पोचला तेव्हा जनरेटर धडधडत होतं. पण त्याच्याबरोबर मांडव होता, झालर होती, 'सुस्वागतम्' होतं आणि भोंग्यावर सनई लागली होती.

"हे काय बे, इंद्रभान?"

"मले काय माहीत? माणिकराव म्हणे, जमलं," इंद्रभान म्हणाला. त्यानं नवा शर्ट घातला होता आणि केसाला तेल लावलं होतं. "कोणाशी जमलं तेवढं नाही सांगतलं."

निवृत्ती सगळा उलगडा करणार, तोच घड्याळात नऊ वाजले. खुलासा मागून करता आला असता, रेकॉर्ड नाही! त्यानं नाणं टाकलं आणि विमान उडवलं. आता हात सोडायची सोय नव्हती. इकडे स्टेशन रोड गोळा व्हायला लागला. कुणी नारळ आणला, कुणी ब्लाउजपीस आणला.

"निवृत्तीभाऊ, पोरगी कुठची आहे?"

"मंग सांगतो!"

"मुहूर्त कितीचा?"

"तीन विमानं राह्यली!"

एवढ्यात सुभद्राबाई तणतणत आली. "काहो, इंद्रभानभाऊचं लग्न लावून राह्यले अन् घरात मले पत्ता नाही?"

"अवं, लग्न नाही! शालिग्राम येऊन राह्यला! बाजूले सरक, बॉम्ब पडते!"

सुभद्राबाईनं एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा इंद्रभानच्या तेल लावलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि पदर खोचून चहाचं आधण ठेवलं. जमलेल्या माणसांना हात हलवत परत पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं.

दहा वाजता आकडा लागला. नव्व्याण्णव हजार एकशे वीस! निवृत्तीनं आरोळी ठोकली. लोकांना वाटलं, मुहूर्त लागला. त्यांनी टाळ्या पिटल्या. पाचच मिनिटांत गावाची लाईट गेली, पण पडद्यावरचा आकडा हलला नाही. निवृत्तीनं जनरेटरला हात जोडले.

आणि पॅसेंजर दीड तास लेट झाली.

"डिझेल एकपर्यंत पुरंल," माणिकराव म्हणाला. त्यानंतर निवृत्ती मशिनीपुढे असा उभा राहिला, जणू पोटचं पोर तापानं फणफणलं आहे. पंख्याची वायर काढली, झालरीचे दिवे काढले, शेवटी सनईही बंद केली. पाऊण वाजता रस्त्याच्या टोकाला टांगा थांबला. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई हळूच खाली उतरली.

"आली! आली! नवरी आली!"

माणिकरावानं सनई पुन्हा लावली. फुलं उधळली गेली. बाईनं घाबरून पदर सावरला, आणि इंद्रभाननं पाहिलं, तर नवरी पंचावन्न वर्षांची! शिवाय तिनं शालिग्रामचा हात धरला होता. इंद्रभान मुकाट्यानं चहाचे कप विसळायला गेला.

"निवृत्त्या! काय थाट केला बे हा!" शालिग्राम अन्नपूर्णाबाईच्या हाताला धरून शेडात आला. "कुठी आहे तो नंबर? दाखव!"

"पाह्य! पाह्य ना बे!"

शालिग्राम मशिनीपुढे उभा राहिला, वाकला, बराच वेळ न्याहाळत राहिला आणि म्हणाला, "वा!"

तो कोपऱ्यातल्या मोटारीच्या मशिनीपुढे उभा होता. ती वर्षभर बंद होती.

निवृत्तीनं अन्नपूर्णाबाईकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, भाऊ. उद्याच्या शिबिरात ऑपरेशन आहे. तुमाले सांगू नको म्हणत होते."

"दिसत नाही नीट," शालिग्राम म्हणाला. "तूच वाच बे. किती झाले?"

निवृत्तीनं पडद्याकडे पाहिलं. चार वर्षं या क्षणासाठी त्यानं छाती फुगवून ठेवली होती. समोर मित्र उभा होता, दुसऱ्याच दिशेला तोंड करून, उद्याच्या भीतीनं बायकोचा हात घट्ट धरून. निवृत्तीला त्याची इतकी माया आली, की आकडा ओठावर येईना.

"चाळीस कमी पडले बे," तो म्हणाला. "तुयाच नंबर वर आहे."

इंद्रभाननं तोंड उघडलं. सुभद्राबाईनं त्याच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात जनरेटरनं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडलं. आकडा गेला.

माणसं चहा पिऊन पांगली. शालिग्राम स्टुलावर बसून बशीतला चहा फुरकत होता. अचानक तो थांबला.

"निवृत्त्या, चाळीस कमी पडले ना?"

"हाव."

"मंग जनरेटर कायले आणलं बे? हरलेला माणूस मांडव घालते का?"

निवृत्तीनं आपला रिकामा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"खरं सांग. किती?"

"नव्व्याण्णव हजार... एकशे वीस."

शालिग्रामनं बशी खाली ठेवली. "मानलं बे तुले," तो म्हणाला, आणि निवृत्ती टेलर भर मांडवात शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला.

"रडू नको. मले भिंतीपाशी ने. नियम मायाच आहे."

त्यानं तळहात ओला केला, भिंत चाचपली आणि कुणी काही म्हणायच्या आत जोर लावून घासायला सुरुवात केली. हात उचलला तेव्हा '९८,४४०' वीतभर वर जसाच्या तसा होता. त्याच्याखालचं 'येथे थुंकू नये' मात्र साफ झालं होतं. इंद्रभाननं पुन्हा तोंड उघडलं. सुभद्राबाईचा पाय तयारच होता.

"पुसला का बे?"

"पुसला," निवृत्ती म्हणाला.

हे दुसरं खोटं शालिग्रामनं खरं मानलं.

संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यात पानाच्या तीन पिचकाऱ्या पडल्या. मलकापूरचा रेकॉर्डवीर निवृत्ती टेलर ओलं फडकं घेऊन त्या पुसत बसला होता, वरच्या आकड्याला पाण्याचा एक थेंब लागू नये म्हणून जपून.