कीर्तन विकणे आहे

मोबाइलच्या बाबतीत मला कोणी बनवू शकत नाही! याच तोऱ्यात मी घरातल्या तिन्ही फोनांचे जुने पॅक बंद केले आणि कंपनीचा फुकट इंटरनेटवाला पॅक घेतला.

त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीचं पहिलंवहिलं कीर्तन! तिला शिकवलं आमच्या वडिलांनी, आप्पांनी, आणि आप्पाच पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडलेले. मी मोठ्या ऐटीत कीर्तनाचं थेट प्रक्षेपण लावलं. पडद्यावर नुसतं चक्र! प्रदक्षिणा घालावी तसं फिरतंय आपलं!

"अहो, फुकट म्हणजे फक्त कंपनीने निवडलेल्या साइट," हिने चष्मा लावून वाचलं. "हवामान, कंबरदुखी आणि जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री."

"म्हणजे देऊळ फुकट, पण चपलांच्या जागेपर्यंतच!" आप्पा कडाडले.

जुना पॅक आता उद्याच सुरू होणार होता. "आप्पा, साधा फोन लावून ऐकवू?"

"ऐकतो रे तिला रोज. लोकांसमोर उभी कशी राहते, ते बघायचंय मला."

आप्पांचा आवाज असा कापरा झाला, की माझं डोकंच चालू लागलं. चालायला नको होतं! जुन्या वस्तूंच्या साइटवर वस्तू सुरू करून थेट दाखवायची सोय होती. मी सभागृहात मेहुण्यांना फोन लावला. "तिथे जाहिरात टाका आणि कॅमेरा धाकटीवर धरा!"

"प्रकार काय लिहू?"

"घरगुती!"

"किंमत?"

"शून्य लिहा हो, उभी राहिली ती!"

आणि दिसली की! ताठ मान, खणखणीत आवाज. आप्पांनी हात जोडले. खाली मात्र गिऱ्हाइकांची झुंबड!

"किती वर्षं वापरलेली?"

"आवाज कमी होतो का?"

"वीज किती खाते?"

मेहुणे पडले सरळमार्गी. प्रत्येकाला उत्तर! "बत्तीस." "नाही." "चहावर चालते."

"आप्पा, खालचं वाचू नका!"

"गप रे! श्रोते प्रश्न विचारतात म्हणजे कीर्तन रंगलंय!"

कीर्तन संपलं. आप्पा डोळे पुसतात न पुसतात तोच मेहुण्यांचा फोन. "दादा, बाहेर एक जण टेम्पो घेऊन आलाय. विचारतोय, उचलायला दोन माणसं पुरतील का?"

"धाकटीला कळू देऊ नका!"

"त्याने तिलाच विचारलंय हो!"