तुळशीचा तांब्या

तुळशीला पाणी घातल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा काशीबाईंचा लग्नापासूनचा नेम. तो मोडायला आता त्यांचाच नवरा निघाला होता.

"जास्वंद उपटली, मोगरा उपटला!" हैबतरावांनी अंगणातून वर्दी दिली. त्र्याण्णवचा मे होता, पेणमध्ये नळ तीन दिवसांनी अर्धा तास यायचा. धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या हैबतरावांनी येताना रोह्याहून पोतंभर कोरफड, निवडुंग आणि पानफुटी आणली होती. "यांना थेंबभर पाणी नको. ही कुंडीतली तुळस पण काढू काय गो?"

"हात लावून बघा," काशीबाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण हैबतराव दोन पावलं मागे सरले.

शेवटी तुळशीला रोज एक तांब्या मंजूर झाला. हैबतराव स्वतः दिवसाला दोनच पेले प्यायचे आणि ते सगळ्या आळीला ऐकवायचे.

आठवड्याने शेजारची हमिदा कुंपणावरून डोकावली. "अगो काशीबाय, ही तर पानफुटी! आमच्या तमीमला मुतखडा झालाय. दोन पानं दे गो."

तमीमने पानं चावली आणि तिसऱ्या दिवशी त्याचा खडा पडला. मग काय, दारात कंबर धरून माणसांची रांग! एक जण तर गागोद्याहून एसटीने वाकडा होऊन आला. हैबतराव लुंगीवरच वैद्य झाले.

"पान चावा, वर तांब्याभर पाणी प्या. पाण्याशिवाय गुण नाय! अगो, पाणी आण!"

तीन दिवसांचे हंडे दीड दिवसात तळाला गेले.

"झाडं पाणी पीत नाय, पण त्यांच्यामागं येणारं गाव हंडे पितंय!" काशीबाईंनी पितळी डाव रिकाम्या हंड्यावर आपटला.

"पुण्य लागतंय गो."

"मग उद्या पुण्यातच भात शिजवते!"

शनिवारी घरात एकच तांब्या उरला. रांगेला हात जोडून वाटेला लावेपर्यंत दुपार झाली. उपाशीपोटी काशीबाई तांब्या घेऊन अंगणात आल्या, तर हैबतराव ओटीवर दुमडून पडलेले. तोंडात पानफुटी.

"कंबरेत सुरी फिरतेय गो... पाणी!"

"दिवसाला दोन पेल्यांवर पोसलेला खडा तो! चांगला पिकलाय."

"दे ना तो तांब्या! नायतर हमिदाकडून आण."

"तिच्याकडनं मागून आणलेलं पाणी काल पाच जणांना पाजलंत तुमी. कुठल्या तोंडानं मागू? आधी तुळस."

"मी मरतोय!"

"मी सकाळपासनं उपाशी हाय."

काशीबाईंनी कुंडी उचलून दोन विटांवर ठेवली, खाली वाटी सरकवली आणि अख्खा तांब्या तुळशीच्या मुळाशी रिता केला. हात जोडले.

"खाली ठिबकेल ते तीर्थ. पण माती आधी पिईल, मग तुमची पाळी."

आत जाऊन त्यांनी कालची भाकरी मोडली. तेवढ्यात कुंपणावरून हमिदा ओरडली, "अगो, हैबतराव तुळशीपुढं पालथे पडलेत! कदी लागले देवाला?"

"आजच," घास चावत काशीबाई म्हणाल्या. "कडक व्रत हाय. बोलू नको त्यांच्याशी, थेंब मोजतायत."