पेंटरने रंगवलेला खड्डा

"या गल्लीत माणसं थांबली पाहिजेत! नाही थांबवली, तर जन्मात ब्रश हातात धरणार नाही!"

पेंटरने चहाच्या टपरीवर ही घोषणा केली, पण तेवढ्यात मागून तीन गाड्या अशा सुसाट गेल्या की निम्मी घोषणा कुणाला ऐकूच आली नाही. नशीबच म्हणायचं! कारण अशा प्रतिज्ञा तो उठसूट करायचा.

या वेळी मात्र मामला घरचा होता. त्याच्या बायकोचं शिवणाचं दुकान याच गल्लीत. हात असा सफाईदार की उसवलेलं माणूससुद्धा शिवून देईल! पण दोन मोठ्या रस्त्यांमधला शॉर्टकट म्हणून गाडीवाल्यांनी गल्लीची पार वाट लावली होती. गिऱ्हाईक समोरच्या फुटपाथवर यायचं, जरा वेळ ताटकळायचं, दुकानाकडे बघून हात हलवायचं आणि आल्या पावली परत जायचं.

"हा महिना बघते," बायको म्हणाली, "नाहीतर मशीन विकते आणि कारखान्यात कॉलर शिवायला जाते."

भांडून म्हणाली असती तर पेंटरने मनावर घेतलं नसतं. पण ती शांतपणे म्हणाली, म्हणून त्याच्या काळजात चर्र झालं. आयुष्यात तिने एकच हौस केली होती, या दुकानाची. त्यावरची पाटी त्यानेच रंगवली होती.

स्पीडब्रेकरसाठी नगरपालिकेत खेटे घालून तर त्याच्या चपला झिजल्या होत्या.

"अपघात झालाय का?" साहेब विचारायचे.

"नाही. होऊ नये म्हणूनच तर मागतोय!"

"मग झाल्यावर या."

शेवटी पेंटर इरेला पेटला. एका पहाटे, रस्ता मोकळा असताना, त्याने बायकोच्या दुकानासमोर भर रस्त्यात एक खड्डा रंगवला. तुटक्या कडा, आत काळोख, काळोखात अडकलेले दोन दगड आणि त्या दगडांच्या सावल्यासुद्धा! गडी हाडाचा कलाकार. काम संपवून घरी निघाला, तेव्हा त्याने स्वतःच त्या खड्ड्याला वळसा घातला.

सकाळी पहिली गाडी करकचून ब्रेक मारून थांबली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्या कशा गोगलगायीसारख्या चालायला लागल्या! कुणी पडू नये म्हणून चहावाल्याने आपलं बाकडं कडेला आडवं टाकलं. बाकडं दिसलं म्हणून लोक बसले, बसले म्हणून चहा प्यायले, आणि चहा पिता पिता एकीला आठवलं की आपल्याला ब्लाउज शिवायचाय!

"किती खोल असेल हो?" कुणीतरी विचारलं.

"अथांग!" पेंटर ऐटीत म्हणाला.

तिथेच घोळ झाला! दुपारपर्यंत त्या खड्ड्यात एक सायकल गेली होती. संध्याकाळी सायकलवर माणूस बसलेला होता. वरच्या मजल्यावरच्या आजींनी थेट नगरपालिकेत फोन लावला, "अहो, आतून त्याचा आवाजपण येतोय!"

दुसऱ्या दिवशी डांबराची गाडी, रोलर आणि मुकादम हजर! मुकादमाने खड्ड्यात जपून पाय टाकला. पाय खाली जाईचना.

पेंटरची पाचावर धारण बसली. "साहेब, चुकलो! चित्र आहे हो ते. आत्ता पुसतो!"

मुकादमाने वाफाळत्या डांबराकडे बघितलं. "पुसायचं नाव काढू नका. खड्डा बुजवायची ऑर्डर आहे, गाडीभर माल गरम करून आणलाय. आता खाली खड्डा नसला तर तो आमचा दोष नाही. ओता रे!"

"अहो, पण सपाट रस्त्यावर ओतलंत तर उंचवटा होईल..."

"गप्प बसा हो!" बायकोने दारातून येऊन त्याला असा चिमटा काढला की तो मुकाट झाला.

आणि झाला की उंचवटा! चांगला ऐसपैस, टणटणीत, सरकारी स्पीडब्रेकर! गाड्यांची मिजास उतरली. चहावाल्याने आणखी बाकडी मांडली, सलूनवाल्याने दारात कुंड्या ठेवल्या, आजी खाली येऊन बसायला लागल्या. बायकोच्या मशीनची खडखड दिवसभर थांबेना. विकायचं नाव तिने परत काढलं नाही.

पेंटर मात्र असा फुगला की काही विचारू नका. "आता सलूनसमोरचा खड्डा!" त्याने जाहीर केलं. हा खड्डा अस्सल होता, फुटक्या पाइपाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. त्याने स्वतः नगरपालिकेत फोन केला.

मुकादम आला तो रिकाम्या हाताने. काठावर उभा राहून म्हणाला, "झकास रंगवलाय!"

"अहो, हा खरा आहे!"

"असेल. पण तुमच्यापायी वरून बोलणी खाल्लीत मी. आता नवीन ऑर्डर आहे, या गल्लीतले सगळे खड्डे रंगवलेले धरायचे."

"धरायचे? हे बघा!" म्हणत पेंटरने भर लोकांत खड्ड्यात उडी घेतली. गुडघाभर खोल पाणी चौफेर उडालं, आत कशाला तरी पँट अडकली आणि टर्रकन फाटली.

मुकादमाने तोंडावरचं पाणी पुसलं. "कमाल आहे बुवा तुमच्या हाताची," म्हणाला आणि निघून गेला.

पेंटर फाटक्या पँटवर मागे दोन्ही हात धरून कसाबसा बायकोच्या दुकानात पोचला. "अगं, आधी एवढं शिवून दे!"

बायकोने मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "बाहेर बाकड्यावर बसा. तुमच्या आधी चौघीजणी आहेत."

गल्लीत माणसं थांबली होती. पेंटरही त्यांच्यात जाऊन बसला, पाय अगदी जवळ घेऊन.